आपले म्हणून उत्तम?

गेल्या कोजागिरीला लष्करातील एका स्नेह्यांच्या गच्चीवर आम्ही आठ-दहा समवयस्क मंडळी जमलो होतो. दूध आटत होते आणि किल्ल्याची काळी रेघ चांदण्यात स्पष्ट दिसत होती. चंद्राकडे पाहताना साहजिकच 23 ऑगस्ट 2023 रोजी तेथे उतरलेल्या चांद्रयानाची आठवण निघाली, आणि तेथून विषय घसरला तो दूरदर्शनवरच्या जुन्या विज्ञानमालिकांवर. 'स्पेस सिटी सिग्मा'चे नाव निघाले मात्र, गच्चीवर सरळ दोन तट पडले. एका गृहस्थांचे म्हणणे, तशी मालिका पुन्हा होणे नाही. आजकाल नुसता झगमगाट. दुसऱ्यांचे चिरंजीव परदेशी असल्याने त्यांना तिकडच्या मालिका पाहण्याचा नाद. ते म्हणाले, "अहो, पुठ्ठ्याचे यान आणि चंदेरी कापडाचे पोशाख. तिला विज्ञानकथा कसली म्हणता?" यावर पहिले गृहस्थ असे संतापले की जणू कोणी त्यांच्या कुलदैवताची निंदा केली. अखेर यजमानांची नात, जी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे, दुधाचे पेले देता देता म्हणाली, "आजोबा, तुम्हाला ती मालिका आवडायची, की तेव्हाचं आपलं घर?"

मंडळी हसली. दूध उत्तम झाले होते. पण तो प्रश्न काही आमच्या मनातून जाईना.

एखादी कृती चांगली आहे असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय चांगले म्हणत असतो? कठोपनिषदाने श्रेय आणि प्रेय असा भेद केला आहे. तो मोक्षमार्गाच्या संदर्भातला खरा, पण रसिकाच्या दारातही तो उभा राहतोच. 'हे मला प्रिय आहे' या विधानाला पुरावा लागत नाही आणि त्याचे खंडनही करता येत नाही. 'हे उत्तम आहे' असे म्हटले की मात्र आपण दुसऱ्याच्या बुद्धीला आवाहन करतो, आणि कारणे देण्याचे उत्तरदायित्व अंगावर घेतो. चाहत्यांच्या वादात बहुधा पहिले विधान दुसऱ्याचा वेष घेऊन येते. म्हणूनच ते वाद मिटत नाहीत.

ग्वाल्हेरकरांना हे गाण्याच्या बाबतीत कोणी शिकवावे लागत नाही. बैठक साध्या सतरंजीवर झाली म्हणून सुरेल गाण्याला येथे कोणी उणे लेखले नाही, आणि तंबोरा आजोबांच्या काळचा आहे म्हणून बेसूर गळा कोणी खपवूनही घेतला नाही. साधनांचे दारिद्र्य वेगळे आणि साधनेचे दारिद्र्य वेगळे, हे येथल्या जुन्या श्रोत्याला उपजत कळते. मग मालिकांच्या बाबतीतच आपण हा भेद का विसरतो?

आमच्या पिढीने 1980 च्या दशकात दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' पाहिली. ही अमेरिकन मालिका 1966 ते 1969 या काळातली, म्हणजे आपल्याकडे आली तेव्हाच ती जुनी झाली होती. तिच्याजवळही पैशाची रेलचेल नव्हती. यान दर आठवड्याला नव्या ग्रहावर उतरवून दाखवणे खर्चाचे होते, म्हणून माणसांना येथे अदृश्य करून तेथे प्रकट करणाऱ्या यंत्राची कल्पना निघाली. तीच पुढे मालिकेची ओळख झाली! यानावरच्या वैद्यांची काही उपकरणे तर चक्क मिठाच्या डब्या होत्या. तेव्हा पुठ्ठ्याचे यान हा मुळी आक्षेपच होऊ शकत नाही. उणीव पैशाची असेल तर ती क्षम्य आहे, आणि कधी कधी उपकारकही.

कोजागिरीनंतर त्या नातीच्याच मदतीने 'सिग्मा'चे जे भाग मिळाले ते आम्ही पुन्हा पाहिले. एक कसोटी ठरवली होती. कथेतून विज्ञान काढून घ्यावे, यानाच्या जागी गलबत ठेवावे, परग्रहवासीयाच्या जागी चाचा बसवावा. एवढे करूनही कथा जशीच्या तशी चालत असेल तर ती विज्ञानकथा नव्हे, विज्ञानाचा अंगरखा घातलेली साहसकथा होय. सांगावयास खेद होतो, पण या कसोटीवर आमची लाडकी मालिका पुष्कळ ठिकाणी उतरली नाही. 1989 सालच्या 'इंद्रधनुष'ने मात्र आम्हांस सुखद धक्का दिला. गिरीश कर्नाडांसारखा अभिनेता तीत होता हे आहेच. परंतु घरच्या घरी संगणक जुळवू पाहणारी ती मुले ज्या कुतूहलाने बोलतात, ते कुतूहल कथेचा प्राण आहे. ते काढले तर काही उरत नाही. पुढे 1998 मध्ये केतन मेहतांची 'कॅप्टन व्योम' आली, मिलिंद सोमण नायक होते, संगणकावरची करामतही बरीच होती. साधने वाढली. विचार त्या मानाने वाढला असे आम्हांस वाटले नाही.

आता कोणी म्हणेल, एवढी चिकित्सा कशाला? आपल्या लोकांनी आपल्या भाषेत काही केले, त्याचे कौतुक करावे. हे 'आपले'पण आम्हांलाही प्रिय आहे. परंतु आपल्याच किल्ल्याचे उदाहरण पाहा. चतुर्भुज मंदिरातील इसवी सन 876 च्या शिलालेखात 270 आणि 50 हे आकडे शून्यासह कोरलेले आहेत. फुलबागेची लांबी आणि रोजच्या माळांची संख्या सांगताना ते आले आहेत. शून्य आमचे, असे आपण पाहुण्यांना अभिमानाने ऐकवतो. किल्ला चढताना त्या चिमुकल्या मंदिरापाशी थांबून ते शून्य स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले आपल्यापैकी किती? आम्ही स्वतः वयाच्या पन्नाशीनंतर पाहिले. न पाहता केलेला गौरव त्या वस्तूचा नसतोच, आपला स्वतःचा असतो.

येथे एक कबुली देणे भाग आहे. 1990 च्या सुमारास आमच्या पुतण्याने, तेव्हा तो आठवीत होता, या मालिकांच्या प्रभावाने एक चाळीस पानी वही भरून अंतराळकथा लिहिली आणि मोठ्या विश्वासाने आमच्या हाती दिली. कचेरीच्या कामाचा व्याप होता. आम्ही चार पाने उलटली आणि संचिकेवर शेरा मारावा तसा शेवटी शेरा मारला, 'फारच छान, असेच लिहीत राहा.' तो पुढे काहीच लिहीत राहिला नाही. अनेक वर्षांनी एका लग्नात सहज विषय निघाला तेव्हा तो हसत म्हणाला, "काका, माझं यान एका रात्रीत दुसऱ्या ताऱ्यावर पोचलं होतं. सगळ्यात जवळचा ताराही चार प्रकाशवर्षं लांब. तुम्ही विज्ञानाचे पदवीधर, आणि त्याबद्दल एक शब्द लिहिला नाहीत. तेव्हाच मला कळलं, वही वाचलीच नाही." तो हसत होता. आम्हांस हसता आले नाही. चूक दाखवली असती तर कदाचित तो खट्टू झाला असता, कदाचित यानाचा वेग वाढवण्याच्या खटपटीला लागला असता. आम्ही त्याला दोन्हींची संधी दिली नाही, आणि त्याला कौतुक असे नाव दिले.

जयंत नारळीकर यांचे 20 मे 2025 रोजी निधन झाले तेव्हा त्यांची एक जुनी हकीकत पुन्हा आठवली. कोल्हापूरला जन्मलेला आणि बनारसला वाढलेला हा माणूस, म्हणजे आपल्यासारखाच महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरातला. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. स्वतःची आद्याक्षरे उलटी केली आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून उतरवून घेतली. तोवर त्यांची ख्याती जगभर पसरली होती. स्वतःच्या नावाने पाठवली असती तर ती कथा नाकारण्याचे धैर्य कोणा परीक्षकाला झाले असते? त्यांना पारितोषिकाहून निवाडा हवा होता. पहिले पारितोषिक मिळाले ही पुढची गोष्ट.

यंदा आमच्या मंडळाने मुलांसाठी विज्ञानकथा स्पर्धा ठेवली आहे आणि परीक्षकाचे काम आमच्याकडे आले आहे. कथेवर नाव नको, नावाची चिठ्ठी वेगळ्या बंद पाकिटात असावी, आणि प्रत्येक मुलाला त्याच्या कथेतील गुणदोष लेखी कळवावेत, असे आम्ही बैठकीत सुचवले. दोषांविषयी थोडी कुरकुर झाली. पाकिटाचे ऐकून मात्र एक ज्येष्ठ सदस्य खरोखरच चिंतित झाले. "अहो, पण मग आपल्या घरांतली मुलं कोणती, हे कळणार कसं?"

सूचना एका मताने मंजूर झाली. घरी येऊन आम्ही पुतण्याला फोन लावला आणि ती चाळीस पानी वही अजून कोठे आहे का, असे विचारले. माळ्यावर पाहून सांगतो, म्हणाला.