लेकीच्या हक्काला जामीन कोण?

डिसेंबर २०२१ मध्ये मराठवाड्यातल्या वैजापूर तालुक्यात एका १९ वर्षांच्या मुलीचा तिच्या सासरच्या घरात खून झाला. काही महिन्यांपूर्वी तिने माहेरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न केलं होतं. त्या दिवशी माहेरची माणसं भेटायला आली म्हणून ती शेतातलं काम टाकून घरी आली, चहा करायला वळली आणि मागून कोयत्याचे घाव बसले. आई आणि भावाला अटक झाली. ‘सैराटची पुनरावृत्ती’ असे मथळे त्या आठवड्यात सगळीकडे झळकले.

मथळा सोपा होता, पण चुकीचा. नागराज मंजुळे यांच्या २०१६ च्या ‘सैराट’ चित्रपटातल्या जोडप्यामध्ये जातीची दरी आहे. वैजापूरच्या घटनेत, तेव्हाच्या बातम्यांनुसार, मुलगा आणि मुलगी एकाच जातीचे होते. जात अशा प्रकरणांत नसतेच, असं कुणी म्हणू नये. शेजारच्या अहिल्यानगर (तेव्हाच्या नगर) जिल्ह्यातलं २०१३ चं सोनईचं आणि २०१४ चं खर्ड्याचं, जातीतून झालेलं हत्याकांड आठवावं. खर्ड्यात तर १७ वर्षांच्या दलित मुलाच्या खुनातले आरोपी २०१७ मध्ये निर्दोष सुटले. पण वैजापूरला जातीचं उत्तर पुरत नाही. तिथे कुणाशी लग्न केलं यापेक्षा कुणाला न विचारता केलं, याचा राग मोठा होता.

हा राग समजून घ्यायचा तर तालुक्याच्या गावातल्या दुय्यम निबंधक कार्यालयात तासभर बसावं. भाऊ गाडी करून चार बहिणींना घेऊन आलेला असतो. आधार कार्डाच्या झेरॉक्स, फोटो, अंगठे, दोन साक्षीदार. वडिलांच्या जमिनीतला हिस्सा बहिणी भावाच्या नावे सोडून देतात. मग चौकातल्या हॉटेलात जेवण, जमलं तर एकेक साडी. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका वाटा १९९४ मध्येच दिला, केंद्राने २००५ मध्ये दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये त्यातली उरलीसुरली शंकाही काढून टाकली. तरीही हक्कसोडपत्रं होतच राहतात. कुणी हात पिरगाळत नाही. ‘वाटा मागितलास तर माहेर तुटेल’ ही न बोललेली धमकी पुरेशी असते.

जोडीदाराची निवड हा त्याच हिशेबातला दुसरा रकाना आहे. सोयरीक म्हणजे दोन माणसांचा संसार एवढंच नसतं. तिच्यात भावकीतला मान असतो, सोसायटीच्या निवडणुकीतली मतं असतात, धाकट्या बहिणीचं पुढचं स्थळ असतं. हे सगळं मुलीच्या आज्ञाधारकपणावर तोललेलं असतं. तिने एकदा ‘माझं मी ठरवते’ म्हटलं की उद्या ती सातबाऱ्यावरचं नावही सोडणार नाही, हे घराला नेमकं कळतं.

कायद्याच्या पुस्तकात हा वाद केव्हाच निकाली निघाला आहे. अठराव्या वर्षी माणूस सज्ञान होतो, हे या देशात १८७५ पासून लिहिलेलं आहे. २००६ मध्ये लता सिंह या सज्ञान स्त्रीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने कौल दिला. तिने दुसऱ्या जातीत लग्न केलं म्हणून भावांनी पोलिसांत तक्रार केली होती आणि पोलिसांनी नवऱ्याच्या भावंडांना कोठडीत टाकलं होतं. पसंत नसेल तर आईबापांनी संबंध तोडावेत, पण धमकी, छळ किंवा हिंसा करता येणार नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. २७ मार्च २०१८ रोजी शक्ती वाहिनी या संस्थेच्या याचिकेवर तीन न्यायमूर्तींनी त्यापुढे जाऊन राज्यांना कामच नेमून दिलं: अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवारे, जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष, चोवीस तास चालणारी हेल्पलाइन आणि हयगय करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई. निवारा नाममात्र शुल्कात आधी महिनाभर आणि धोका कायम राहिला तर वर्षापर्यंत.

वैजापूरची घटना या निकालानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळाने घडली. महाराष्ट्राच्या गृह विभागाने अशा जोडप्यांसाठी सविस्तर कार्यपद्धती जाहीर केली ती डिसेंबर २०२४ मध्ये, तीही उच्च न्यायालयात याचिका चालू असताना. मधली जवळजवळ सात वर्षं निकाल होता आणि सरकारची कार्यपद्धती नव्हती.

याला केवळ सरकारी दिरंगाई म्हणून सोडून देता येत नाही. आपले मूलभूत हक्क मुख्यतः सरकारच्या विरोधात लिहिलेले आहेत: सरकारने तुम्हाला कोंडू नये, तुमचं तोंड बंद करू नये, तुमचा जीव घेऊ नये. पण वैजापूरच्या मुलीच्या स्वातंत्र्याला धोका होता तो घराकडून. अशा वेळी जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क देणाऱ्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ चा अर्थ एकच उरतो: सरकारने घर आणि ती यांच्यामध्ये उभं राहावं. आपलं सरकार मात्र अनेकदा मध्ये उभं न राहता घराच्या ओट्यावर जाऊन बसतं आणि वडीलधाऱ्यासारखं बोलू लागतं.

याचे दाखले हवे तेवढे आहेत. केरळ उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये २४ वर्षांच्या हादियाचा विवाह रद्द ठरवला आणि तिला आईवडिलांच्या ताब्यात दिलं. सज्ञान डॉक्टरकीच्या विद्यार्थिनीचं पालकत्व न्यायालयाने स्वतःकडे घेतलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये तो निकाल फिरवला. वैजापूरच्या खुनानंतर त्याच महिन्यात, २१ डिसेंबर २०२१ रोजी, मुलींचं लग्नाचं वय २१ करणारं विधेयक लोकसभेत मांडलं गेलं. हेतू चांगला सांगितला गेला, पण ते मंजूर झालं असतं तर १९ वर्षांच्या अशा मुलीचं लग्न कायद्याच्या लेखी बालविवाह ठरलं असतं आणि तक्रार घेऊन येणाऱ्या भावाच्या हातात आणखी एक कलम आलं असतं. पुढे लोकसभेची मुदत संपली आणि ते विधेयक व्यपगत झालं.

विशेष विवाह कायदा तर १९५४ पासून आहे. जात-धर्म न विचारता लग्न करण्याचा तो राजमार्ग. पण त्यात आधी नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात लावली जाते आणि ३० दिवस हरकतींची वाट पाहिली जाते. ज्यांना घरापासून लपायचं आहे त्यांची नावं आणि पत्ते सरकार स्वतः भिंतीवर डकवतं. म्हणून मराठवाड्यातली जोडपी सरकारी दार टाळून लग्नासाठी ज्ञानदेवांची आळंदी गाठतात. त्याच ज्ञानदेवांचं आपेगाव वैजापूरच्याच जिल्ह्यातलं, पैठण तालुक्यातलं. त्यांच्या आईवडिलांना समाजाने वाळीत टाकलं होतं, ही कथा इथल्या प्रत्येक कीर्तनात ऐकायला मिळते. ती ऐकून डोळे पुसणारे आपणच घरच्या मुलीला वाळीत टाकतो.

डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांसाठी एक परिवार समन्वय समिती नेमली. दोनच दिवसांत ‘आंतरजातीय’ शब्द वगळून ती आंतरधर्मीय विवाहांपुरती ठेवली. अशा लग्नांची माहिती गोळा करायची आणि मुलगी व तिच्या माहेरचा तुटलेला संपर्क जोडायला मदत करायची, हे तिचं काम. निमित्त होतं वसईच्या तरुणीच्या दिल्लीत झालेल्या खुनाचं. माहेर तुटलेली मुलगी एकटी पडते, हे खरंच आहे. पण वैजापुरात माहेरशी संपर्क तुटला म्हणून मुलगी मेली नव्हती. माहेर दारात आलं होतं आणि ती त्याच्यासाठी चहा ठेवत होती. कोणत्या मुलीला संपर्क हवा आहे आणि कोणाला लपायची जागा हवी आहे, हे फक्त तीच सांगू शकते.

सावित्रीबाई फुल्यांना हे दीडशे वर्षांपूर्वी कळलं होतं. १८६८ मध्ये नायगावहून जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात त्या एका जोडप्याची हकीकत सांगतात. मुलगा ब्राह्मण, मुलगी महार, तिला दिवस गेलेले. गाव त्यांना मारायला निघालं होतं. सावित्रीबाई धावत गेल्या आणि इंग्रजी कायद्यात खुनाला काय शिक्षा आहे याची जमावाला जाणीव करून दिली. जमाव नमला. दोघांनी गाव सोडलं आणि सावित्रीबाईंनी त्यांना पुण्याला जोतिरावांकडे धाडलं. कायद्याचा धाक आणि लगेच राहायला जागा, या दोन गोष्टींनी तिघांचे जीव वाचले. २०१८ च्या निकालाचा गाभा याहून वेगळा नाही.

आईबापांची काळजी खोटी असते असं नाही. पोरगं काय करतं, पितं का, आपली मुलगी फसेल का, हे प्रश्न रास्त आहेत. मुलगी अल्पवयीन असेल तर कायदा आईबापांच्या बाजूने उभा राहतो आणि फसवणूक झाली तर तिच्यासाठी वेगळी कलमं आहेत. पण सज्ञान मुलीला चुकण्याचाही हक्क आहे. आपण मुलांना तो केव्हाच दिला. पोराने दोन धंदे बुडवले तरी ‘शिकतोय’ म्हणतो आणि तिसऱ्यासाठी एकर विकतो.

तेव्हा मागणी साधी असावी. जिल्ह्याला निवारा आहे हे वैजापूरच्या बसस्थानकावर आणि महाविद्यालयात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असावं. मुलगी संरक्षण मागायला आली तर ठाणे अंमलदाराने तिच्या बापाला फोन लावण्याआधी तिचा जबाब घ्यावा, न घेतल्यास त्याचा जाब वरिष्ठांनी द्यावा. विशेष विवाहाची नोटीस भिंतीवरून उतरवावी. आणि हक्कसोडीच्या कागदावर सही घेण्यापूर्वी दुय्यम निबंधकाने प्रत्येक बहिणीला भावापासून बाजूला घेऊन एकदा विचारावं. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. तिचा संसार सुखाचा होईल याची हमी कोणतंच सरकार देऊ शकत नाही. ती जिवंत राहील, एवढ्याला तरी त्याने जामीन राहावं.