फाट्यावरच्या भाषा आणि इंग्रजीचा साधा वर्तमानकाळ

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील देवगाव फाट्यासारख्या ठिकाणी, जेथे सेलू, जिंतूर आणि मंठा या तिन्ही बाजूंची माणसे एसटीसाठी एकत्र येतात, घरी दख्खनी बोलणारे, उर्दू शाळेत शिकणारे आणि हाटबाजारात मराठीने व्यवहार करणारे मूल जेव्हा इंग्रजीच्या पहिल्या वाक्यांपाशी येते, तेव्हा त्याच्या हाती दिले जाणारे सूत्र मात्र या मुलखातले नसते. ज्या वाक्याच्या अखेरीस ‘ता है, ती है, ते हैं’ येईल ते ‘हाल-ए-मुतलक’ समजावे आणि त्याचे इंग्रजी साध्या वर्तमानकाळात करावे, हे ते सूत्र. ते पाठ करण्यास सुलभ आहे आणि काळ ओळखण्यापुरते बव्हंशी खरेही आहे. परंतु वाक्य रचण्याच्या क्षणी तेच मुलाची वाट अडवते, असे माझे निश्चित मत आहे.

‘वह जाता है’ या वाक्यात क्रियापदाची दोन पदे आहेत. मुलाने ‘जाता’च्या जागी ‘गो’ आणि ‘है’च्या जागी ‘इज्’ ठेवले की ‘ही इज् गो’ सिद्ध होते, आणि गुरुजींनी अंत्य ‘एस्’ची ताकीद दिली की त्याचे ‘ही इज् गोज्’ होते. सूत्राचे पालन निष्ठेने केले म्हणूनच ही चूक घडते, तेव्हा तिचा दोष मुलाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. शिवाय ‘मुझे मालूम है’ या वाक्यात ‘ता’ही नाही आणि ‘ती’ही नाही, तरी त्याचे इंग्रजी ‘आय नो’ असेच, त्याच काळात होते.

आता हेच मूल घरी काय बोलते ते ऐकावे. दख्खनीत ‘जाता है’चा संकोच होऊन ‘जातै’ असे एकच पद उरते. ही बोली शतकानुशतके मराठीच्या शेजारी नांदलेली. तिच्यातला ‘नक्को’ आणि निश्चयार्थी ‘च’ हे त्या सहवासाचे दाखले होत. ‘वो जातै’, ‘तो जातो’, ‘ही गोज्’: तिन्ही ठिकाणी क्रियापद एकपदी आहे आणि कर्त्याचा पुरुष त्याच्या शेवटावर उमटलेला आहे. ‘है’ सुटा दिसलाच नाही, तर त्याच्यासाठी ‘इज्’ शोधण्याचा मोहही उद्भवत नाही.

नकाराच्या बाबतीत तर मराठीचे साहाय्य विलक्षण आहे, आणि त्याकडे आमच्या अध्यापकवर्गाचे लक्ष जावे तितके गेलेले नाही. ‘तो जातो’, ‘ते जातात’ असे म्हणणारा मराठी भाषक नकार करताना ‘तो जात नाही’, ‘ते जात नाहीत’ असे म्हणतो. म्हणजे क्रियापद आपला प्रत्यय टाकून ‘जात’ एवढेच उरते आणि वचनाचा भार नकारवाचक पद उचलते. ‘ही डज् नॉट गो’, ‘दे डू नॉट गो’ यांतील घडामोड नेमकी हीच आहे. ‘डज् नॉट गोज्’ का चालत नाही, हा प्रश्न ज्याला नियम सांगून उलगडत नाही, त्याला ‘जातो नाही’ असे कोणी म्हणत नाही, एवढे दाखवले तर बहुधा पुरेल.

प्रश्नाच्या रचनेत मात्र उर्दूच अधिक उपकारक ठरते, कारण तिचा ‘क्या’ वाक्याच्या आरंभी बसतो, जेथे इंग्रजीचा ‘डज्’ बसतो. मराठीचा ‘का’ शेवटी जातो. लिंगाची गोष्ट पुन्हा निराळी. उर्दूत ‘वह’ स्त्रीपुरुषांना समान, भेद ‘जाता’-‘जाती’त, इंग्रजीत क्रियापद समान, भेद ‘ही’-‘शी’त. ‘ही’च्या जागी ‘शी’ आणि ‘शी’च्या जागी ‘ही’ पडण्याचे एक कारण येथे आहे, आणि मराठीचे ‘तो’-‘ती’ येथेही दुव्याचे काम करू शकतात.

उर्दूच्या द्वारे आधुनिक विद्या शिकवण्याचा मोठा उद्योग याच निजामी मुलखात झाला, हे विसरता येत नाही. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दूस उच्च शिक्षणाचे माध्यम केले आणि इंग्रजी हा विषय आवश्यक ठेवला. मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दूचा कारभार औरंगाबादेहून चालवला आणि 1937 साली तिच्या वतीने मोठा इंग्रजी-उर्दू कोश प्रसिद्ध केला. 1948 साली निजामाचा अंमल संपला, उर्दूचा दरबारी मान गेला, पण उर्दू शाळा राहिल्या. 2000 सालापासून महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासूनच सुरू झाली, त्यामुळे सहा वर्षांच्या मुलापुढे हा प्रश्न उभा राहू लागला.

दख्खनीला वर्गात थारा दिला तर मुलांची उर्दू बिघडेल, अशी शंका काही उर्दू शिक्षक प्रामाणिकपणे घेतील. तिच्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. लेखी उर्दू प्रमाण असावी, हा आग्रह रास्तच आहे. परंतु येथे दख्खनी लिहावयाची नाही, इंग्रजी वाक्यापूर्वी ती एकवार मोठ्याने उच्चारावयाची आहे. माझी तजवीज मर्यादित आहे: बालभारती उर्दू माध्यमासाठी जी पुस्तके छापते, त्यांच्या जोडीने मराठवाड्यातील शिक्षकाकरिता एक टिपण असावे, ज्यात ‘जातै, जातो, गोज्’ एका ओळीत आणि ‘जात नाही, डज् नॉट गो’ त्याखालच्या ओळीत असेल, आणि ‘ता है, ती है’चे सूत्र ही रूपे मुलांच्या तोंडी बसल्यानंतरच सांगावे, अशी सूचना असेल.