सही राहिली म्हणून निवड गेली



माणूस नियमासाठी की नियम माणसासाठी, हा प्रश्न आपल्याकडे दोन वेळा हमखास विचारला जातो. एकदा लग्नाची कागदपत्रे अपुरी असतात तेव्हा आणि दुसऱ्यांदा निवडणुकीत आपला माणूस हरतो तेव्हा. आज आम्ही हा प्रश्न जरा दूरच्या एका घटनेतून पाहणार आहोत. घटना दूरची असली की आपला राग आड येत नाही.

अमेरिकेतील एपिस्कोपल चर्च हे अँग्लिकन परंपरेतील चर्च. तेथे बिशपांची नेमणूक रोमहून होत नाही. धर्मप्रांतातील धर्मगुरू आणि प्रापंचिक प्रतिनिधी मतदानाने आपला बिशप निवडतात. मात्र तेवढ्याने काम होत नाही. चर्चच्या धर्मप्रांतांच्या बहुसंख्य बिशपांची आणि बहुसंख्य स्थायी समित्यांची संमती १२० दिवसांच्या मुदतीत यावी लागते. समितीच्या संमतीपत्रावर तिच्या सभासदांच्या सह्या लागतात.

१६ सप्टेंबर २००६ रोजी साउथ कॅरोलायना धर्मप्रांताने मार्क लॉरेन्स यांना बिशप म्हणून निवडले. त्या काळात ते चर्च आतून दुभंगलेले होते. हे निवडून आले तर धर्मप्रांत घेऊन बाहेर पडतील, अशी पुष्कळांना भीती होती. चर्चमध्येच राहण्याचा आपला हेतू आहे, असे त्यांनी लिहून कळवले. बिशपांची संमती पुरेशी आली. समित्यांचीही आली असे वाटत होते. पण १५ मार्च २००७ रोजी प्रमुख बिशप कॅथरीन जेफर्ट्स शोरी यांनी निवड रद्द झाल्याचे जाहीर केले. काही समित्यांची संमती इलेक्ट्रॉनिक मार्गाने आली होती. ती नियमात सांगितलेल्या स्वरूपात नव्हती. ती वगळल्यावर बहुमत उरले नाही.

मग वाद पेटला. एक बाजू म्हणाली, ‘त्यांनी होकार दिला हे सर्वांना ठाऊक आहे. सहीवाचून काय अडले?’ दुसरी बाजू म्हणाली, ‘नियम सर्वांना आधीपासून माहीत होता.’

आपण काय म्हणाल?

प्रभू येशूने शब्बाथ दिवशी आजाऱ्यांना बरे केले, हे आपण नेहमी सांगतो. पण त्याच प्रभूने कुष्ठरोग्याला बरे केल्यावर काय सांगितले? याजकाकडे जा, स्वतःला दाखव आणि मोशेने सांगितलेले अर्पण कर. रोगी तर बरा झाला होता. मग याजक कशाला? कारण गावाचा त्याच्यावर विश्वास नव्हता. याजकाने शुद्ध ठरवल्याशिवाय गाव त्याला घरात घेणार नव्हते. तो नियम त्या गरीब माणसाच्याच उपयोगाचा होता.

आम्हाला वाटते, येथेच उत्तर सापडते. जेथे परस्पर विश्वास भरपूर असतो तेथे शब्दही पुरतो. जेथे विश्वास आटलेला असतो तेथेच सही लागते. साउथ कॅरोलायनात विश्वास आटलेला होता. म्हणून ती सही क्षुल्लक नव्हती.

आपल्या पूर्वजांनाही हे माहीत होते. इ. स. ३२५ मध्ये निकेया येथे भरलेल्या विश्वपरिषदेने आपल्या चौथ्या नियमात सांगितले की, बिशपाची नेमणूक प्रांतातील सर्व बिशपांनी करावी. ते कठीण असल्यास निदान तिघांनी एकत्र यावे आणि जे गैरहजर असतील त्यांनी आपली संमती लेखी कळवावी. सहाव्या नियमात आणखी एक शहाणपण आहे: सर्वांची निवड योग्य व नियमाला धरून असताना दोघे-तिघे केवळ भांडखोरपणाने विरोध करत असतील, तर बहुमत मानावे. म्हणजे नियम मोडून निवड नको आणि नियमाच्या आड लपून अडवणूकही नको. आजही पोपच्या निवडणुकीत चिठ्ठ्यांची संख्या मतदारांच्या संख्येशी जुळली नाही, तर त्या न वाचता जाळतात आणि लगेच पुन्हा मतदान होते. कार्डिनलांच्या शब्दावर कोणी संशय घेतो म्हणून नव्हे, तर पुढे कोणाला संशय घ्यायला जागा राहू नये म्हणून.

तरी नियमाची ताकद किती, हेही पाहायला हवे. ४ ऑगस्ट २००७ रोजी त्या धर्मप्रांताने लॉरेन्स यांनाच पुन्हा निवडले. या वेळी संमतीपत्रे रीतसर आली आणि २६ जानेवारी २००८ रोजी त्यांचा बिशपपदी अभिषेक झाला. कागद पूर्ण झाले. मने मात्र जुळली नाहीत. २०१२ साली धर्मप्रांताचा मोठा भाग चर्चमधून बाहेर पडला आणि मालमत्तेचे खटले २०२२ पर्यंत चालले. एकाच वेदीपुढे गुडघे टेकणारी कुटुंबे न्यायालयात समोरासमोर उभी राहिली. नियम भांडण आवरतो, पण तो प्रेम निर्माण करू शकत नाही. ते काम पवित्र आत्म्याचे, आणि त्याला वाट देण्याचे काम आपले.

बंधुभगिनींनो, आपल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेत बिशपांची निवड आपल्या मतांनी होत नाही. पण पॅरिश कौन्सिल आहे, संघटना आहेत, पतपेढ्या आहेत, घरात वाटणीपत्रे आहेत. तेथे आपण तीन गोष्टी पाळू या. नियम आधी वाचू या, हरल्यावर नव्हे. जो नियम विरोधकाला लावतो तोच आपल्या माणसाला लावू या. आणि नियमाने जिंकलो तर त्याच संध्याकाळी हरलेल्याच्या घरी जाऊ या. ही तिसरी गोष्ट कोणत्याही घटनेत लिहिलेली नसते. ती शुभवर्तमानात मात्र जागोजागी आहे.

यहूदाच्या जागी मत्थियाची निवड झाली तेव्हा प्रेषितांनी आधी अट सांगितली, मग प्रार्थना केली, मग चिठ्ठ्या टाकल्या. ज्याची चिठ्ठी निघाली नाही तो योसेफ बर्सबा रुसून निघून गेला, असे प्रेषितांच्या कृत्यांत कोठेही म्हटलेले नाही. या आठवड्यात आपल्या प्रार्थनेत त्याची आठवण ठेवू या.

परमेश्वर आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.