उसंतीचा हिशेब

परदेशी स्थिरावलेली मुले-नातवंडे सुटीत घरी आली की, आपल्या घरांतून एक वाद हमखास रंगतो. जर्मनीत असलेला नातू सांगतो, संध्याकाळी पाचनंतर कचेरीतले कोणी दूरध्वनी करीत नाही. पुण्याची नात रात्री दहालाही संगणकापुढून उठलेली नसते. ऐकणाऱ्यांपैकी कोणी म्हणतो, ‘ते सुखवस्तू, म्हणून आळशी’. कोणी म्हणतो, ‘आपणच वेडे’. दोन्ही निवाडे आम्हांस घाईचे वाटतात. कारण दोहोंत कामाचे तास हा माणसाच्या स्वभावाचा प्रश्न मानला आहे.

तो तसा नाही, हे जपानच्या अनुभवावरून दिसते. उद्यमशीलता हा तेथील मोठा गुण. पण वरिष्ठाआधी कनिष्ठाने उठू नये, या रीतीपायी तो गुणच जिवावर बेतू लागला. अतिश्रमाने येणाऱ्या मृत्यूला त्या भाषेत ‘कारोशी’ हा स्वतंत्र शब्द रूढ झाला. अखेर २०१८ साली कायदा करून जादा कामावर सर्वसाधारणपणे महिन्याला ४५ तासांची मर्यादा घालावी लागली. फ्रान्सने २००० साली ३५ तासांचा आठवडा अमलात आणला, तोही कायद्यानेच. एकट्याने लवकर घर गाठले तर तो कामचुकार ठरतो. सर्वांना उठण्याची मुभा असेल, तरच ती उसंत निर्धास्त भोगता येते. मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुटी मिळाली, ती मालकांच्या औदार्याने नव्हे. त्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांना कामगारांना संघटित करून झगडावे लागले.

येथवर बहुतेकांचे एकमत होईल. खरी अडचण पुढे आहे. जर्मनीत वर्षाचे सरासरी कामाचे तास सुमारे १३४० आणि मेक्सिकोत सुमारे २२००, असे आकडे वाचले की जर्मनांच्या सुखाचा हेवा वाटतो. परंतु ही सरासरी खाली येण्याचे एक कारण असे की, तेथील नोकरदार स्त्रियांपैकी निम्म्याच्या आसपास अर्धवेळ काम करतात. उरलेल्या वेळात त्या विसावतात असे कोणी समजू नये. त्यातील बराच वेळ घरकामात आणि मुलांच्या संगोपनात जातो. त्या कामाची कोठल्याही हजेरीपटावर नोंद होत नाही.

आपण तरी निराळे कोठे आहोत? भारत सरकारच्या २०२४ सालच्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्यांपैकी स्त्रियांचा त्यात जाणारा वेळ दिवसाला सरासरी २८९ मिनिटे आणि पुरुषांचा ८८ मिनिटे भरला.

म्हणून देशादेशांची तुलना करताना ‘तास किती?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘कोणाचे तास मोजले?’ हेही विचारावे लागते. ज्या उसंतीचे मोल दुसऱ्याच्या न मोजलेल्या श्रमांनी चुकते केले जाते, तिला विश्रांती म्हणता येईल, न्याय म्हणता येणार नाही.

रविवारी आपल्याकडे साग्रसंगीत जेवण होते, पाहुणे येतात, दुपारी घर निवांत झोपते. त्या वेळी स्वयंपाकघरात मागची आवराआवर कोण करीत असते, हे आपण सारे जाणतो. लोखंड्यांनी मिळवलेली सुटी गिरणीच्या दारापर्यंत पोहोचली. तेथून ती चुलीपर्यंत न्यायला कायदा लागत नाही. ते आपल्याच हातचे आहे.