कठड्यावरचा पानओवा

गिरगावातल्या वाड्यांपासून लालबाग-परळच्या चाळींपर्यंत, गॅलरीच्या कठड्यावर तुळशीशेजारी अजूनही एखादी कुंडी दिसते, पानओव्याची. जाड, लवदार पानं, कडा दातेरी. जाता-येता नुसता हात लागला, तरी बोटांना वास राहतो.

युरोपातल्या स्वयंपाकघरात थाइमला जो मान आहे, तो आपल्याकडे या पानाला मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं. थाइम भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या, खडकाळ उतारांवरचं. मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुमारे २००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यात थाइमची मुळं कुजतात. पण त्याचा वास ज्या थायमॉलचा, ते आपल्या ओव्याच्या दाण्यातही असतं. पानओव्यात असतं त्याचंच भावंड, कार्व्हाक्रॉल.

आणि लावायला किती सोपा! बी नको, खत नको. शेजारणीकडून वीतभर फांदी मागायची, खालची पानं काढायची, वाळू मिसळलेल्या मातीत खोचायची. कुंडीच्या तळाला भोकं मात्र हवीतच. साचलेलं पाणी यालाही सोसत नाही. शेंडे खुडत राहिलं की झाड दाट होतं. खुडलेली पानं बेसनात बुडवून तळावीत. घरात कुणी खोकत असेल, तर दोन पानं काढ्यात जातात.

आता चाळींच्या जागी टॉवर उभे राहताहेत. विसाव्या मजल्यावरच्या खिडकीतही ऊन येतंच. जुनं घर सोडताना एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून न्यावी. नव्या जागी ती काही आठवड्यांत मूळ धरते.