स्नेह आणि नोंदणी

रायपूरच्या बुढापाऱ्यात माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा आहे. नोकरीनिमित्त या बाजूस येणाऱ्या मराठी माणसाला त्या नावाचा अभिमान वाटतो. पण त्या नावाबरोबर एक प्रश्नही मनात येतो. १९०० साली सप्रे व रामराव चिंचोलकर यांनी पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले. प्रकाशक होते वामन बळीराम लाखे. तिघांचा स्नेह हेच त्याचे मुख्य भांडवल. मासिक मोलाचे होते, तरी पैशाअभावी १९०२ अखेर ते बंद पडले. याच लाख्यांनी पुढे १९१३ साली रायपुरात सहकारी मध्यवर्ती बँक उभी केली, ती मात्र कायद्याच्या चौकटीत. स्नेहाला अशी चौकट हवी की नको, हा तो प्रश्न.

परप्रांतात अभियंते, डॉक्टर, शिक्षक, हिशेबनीस यांची मंडळे आपोआप जमतात. महिन्याकाठी बैठक, एखादे व्याख्यान, नवागताला घर शोधून देणे, व्यवसायबंधूंच्या मुलांना थोडी शिष्यवृत्ती. मग कोणी म्हणतो, "नोंदणी करू या," आणि मंडळात दोन तट पडतात.

विरोधकांचे म्हणणे हलके नव्हे. घटना आली की पदे येतात, पदांमागून निवडणुका आणि त्यांच्यामागून रुसवेफुगवे. पुण्यात १८८० साली चिपळूणकर, टिळक व नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. आजीव सदस्यांचे वेतन व बाहेरची मिळकत यांवरून वाद माजले आणि १८९० साली टिळकांनी राजीनामा दिला. नियमांनी मैत्री वाचविली नाही, हे खरे. तथापि टिळक गेले तरी शाळा आणि फर्ग्युसन महाविद्यालय चालू राहिले, हेही तितकेच खरे.

आमच्या मते प्रश्नाचे मर्म येथेच आहे. नोंदणीचा उपयोग बैठकीस हजर असणाऱ्यांना फारसा नाही. तो आहे गैरहजरांना. वर्गणी देऊन बदलीवर गेलेला सभासद आणि अजून यावयाचा असलेला सभासद, या दोघांची बाजू बैठकीत कोण मांडणार? खजिनदाराच्या खासगी खात्यातील निधी तो प्रामाणिक आहे तोवर सुरक्षित. पण उद्या त्याचे काही बरेवाईट झाले, तर त्याच्या वारसांच्या दारी कोणत्या तोंडाने जावे? शिवाय प्रामाणिक माणसालाही आपला प्रामाणिकपणा दाखविण्याचे साधन नको काय? १८६० च्या संस्था-नोंदणी कायद्याने सात माणसांना संस्था काढता येते. पण ती मोडली तर उरलेली मालमत्ता सभासदांना वाटून घेता येत नाही. छत्तीसगढात आज नोंदणी १९७३ च्या अधिनियमाखाली होते. मूळ कायद्यातील ते कलम मात्र प्रत्येक मंडळाने, नोंदणी असो वा नसो, मनाशी बाळगावे.

मंडळापाशी केवळ गप्पा आणि चहा आहे तोवर वार्षिक विवरणे व हिशेबतपासणी यांचे ओझे घेण्याचे कारण नाही. परंतु ज्या दिवशी दुसऱ्याचा पैसा, पुस्तके वा दिलेला शब्द सांभाळावयाचा येतो, त्या दिवशी स्नेह अपुरा पडतो. आपण सारी बदलीची माणसे. आपल्या माघारी आपला हिशेब देणारे कोणीतरी गावात राहावे, एवढ्यासाठी तरी सात सह्या कराव्यात.