घरकामातला वाटा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी बहीण सुटीत आमच्याकडे म्हैसूरला राहायला आली होती. रात्रीची जेवणे आटोपली आणि माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने आपले ताट उचलून मोरीत नेऊन ठेवले. "किती शहाणा आहे! आईला मदत करतो," असे म्हणून त्याच्या आत्याने कौतुकाने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्याच वेळी माझी तेरा वर्षांची थोरली मुलगी बाकीची सगळी ताटे गोळा करीत होती. तिला अजून ओटा पुसायचा होता, पाच वर्षांच्या धाकटीचे हातपाय धुऊन तिला अंथरुणावर घालायचे होते. तिच्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते. जाता जाता ती एवढेच म्हणाली, "आत्या, त्याने केले की मदत आणि मी केले की काम."

आम्ही सगळे हसलो. मला मात्र त्या रात्री लवकर झोप आली नाही. मुलीच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. रोज पाहिलेली एक गोष्ट तिने सांगितली होती, आणि ती गोष्ट माझ्या घरातली होती. मी घराचा कर्ता. रोज संध्याकाळी कुटुंबाला प्रार्थनेस बसविणारा मी आणि ही विषमता मला दिसली नव्हती.

मंडळीतील आईबापांच्या बोलण्यात एक विषय नेहमी निघतो. हल्लीची मुले घरकामाला हात लावीत नाहीत. त्यांच्याकडून मदत कशी घ्यावी? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याच्याही आधी एक प्रश्न आहे आणि तो आपण सहसा विचारीत नाही. हे काम मुळात कोणाचे? 'मदत' हा शब्द आपण दुसऱ्याच्या कामाविषयी वापरतो. शेजाऱ्याचे घर बदलताना आपण सामान उचलू लागतो, ती मदत. मदत करणाऱ्याला नाही म्हणण्याची मुभा असते आणि त्याने हात लावला की त्याचे आभार मानावे लागतात. ज्याचे काम असते, त्याचे आभार कोणी मानीत नाही. आमच्या घरात काम माझ्या पत्नीचे ठरले होते आणि तिच्या पाठोपाठ ते थोरलीकडे आले होते. मी आणि मुलगा, आम्ही दोघे मदतनीस होतो.

हे केवळ आमच्याच घरी होते असे नाही. २०१९ साली केंद्र शासनाने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१.२ टक्के बिनमोल घरकाम करीत होत्या, पुरुषांपैकी २६.१ टक्के. काम करणाऱ्या स्त्रीचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, पुरुषाचा ९७ मिनिटे. ही दरी लग्नानंतर एकाएकी पडत नाही. ती जेवणाच्या ताटांपाशी, मुले नऊ आणि तेरा वर्षांची असतानाच पडू लागते.

माझ्या हातून झालेली आणखी एक चूक येथे सांगितली पाहिजे. त्यापूर्वी मी मुलांना कामाची गोडी लागावी म्हणून पैसे देऊन पाहिले होते. अंथरुणे घडी केल्याचे दोन रुपये, झाडांना पाणी घातल्याचे दोन रुपये. पंधरा दिवस घर अगदी आरशासारखे होते. मग पत्नी तापाने अंथरुणाला खिळली. मी मुलाला तिच्यासाठी पाणी गरम करून आणण्यास सांगितले, तेव्हा त्याने निरागसपणे विचारले, "ह्याचे किती देणार?" दोष त्याचा नव्हता. मीच त्याला घरात मजूर म्हणून ठेवले होते.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील थोरला भाऊ मला त्या दिवशी नव्याने कळला. त्याने सारी वर्षे इमानाने काम केले, परंतु प्रत्येक दिवसाचा हिशेब मनात ठेवला. पित्याच्या घरात राहूनही तो चाकराच्या मनाने राबला, म्हणूनच भाऊ परत आल्याचा आनंद त्याला घेता आला नाही. मुलाने काम करावे एवढेच आपले उद्दिष्ट असेल, तर पैसा, धाक किंवा आमिष पुरेसे आहे. ते काम त्याला आपल्या घराचे वाटावे असे वाटत असेल, तर ह्यांपैकी कशाचाच उपयोग नाही.

कोणी म्हणेल, मुलांचे वय खेळण्याचे आणि शिकण्याचे. त्यांच्यावर हे ओझे कशाला? ह्या आक्षेपात मोठे तथ्य आहे. भावंडे सांभाळण्यापायी शाळा सुटलेल्या मुली आपल्या देशात थोड्या नाहीत, आणि त्यांना कष्टाचे महत्त्व सांगणे ही क्रूर थट्टा होईल. १९८६ चा बालकामगारविषयक कायदा २०१६ मध्ये सुधारण्यात आला. चौदा वर्षांखालील मुलांना कामास लावण्यास त्याने मनाई केली. कुटुंबाच्या व्यवसायात हातभार लावण्याची सवलत ठेवली, पण तीही शाळेच्या वेळेनंतर आणि सुटीत, धोक्याच्या कामाखेरीज. चुलीपाशीच्या कामाला कायदा विचारीत नाही. तेथे ही मर्यादा आईबापांनीच घालून घ्यावयाची असते. काम मुलाच्या अभ्यासावर, झोपेवर किंवा खेळावर चालून येऊ लागले, की ते त्याचा वाटा राहत नाही. ती आपली सोय होते.

ह्या बाबतीत पंडिता रमाबाईंचे चरित्र विचार करावयास लावते. ह्याच कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात १८५८ साली त्यांचा जन्म झाला. त्यांच्या आई लक्ष्मीबाईंचा दिवस घरच्या कामात आणि विद्यार्थ्यांची व्यवस्था पाहण्यात संपत असे. म्हणून त्या लहानग्या रमेला पहाटे, पाखरे जागी होण्याच्या वेळी, लाडाने उठवून संस्कृतचे पाठ देत. काम टळत नव्हते, पण मुलीची विद्या त्याखाली दडपू द्यावयाची नाही असा त्या माउलीचा निर्धार होता. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात रमाबाईंनी हाच धडा शेकडो अनाथ मुलींपर्यंत नेला. तेथील मुली स्वयंपाक करीत, तसेच शेत पाहत, विणकाम करीत आणि छापखान्यात खिळेही जुळवीत. रमाबाईंनी केलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर मुक्तीच्या छापखान्यातच छापले गेले. ज्या हातांत भाकरीचे पीठ होते, त्याच हातांत छापखान्याचे खिळे आले. चूल हे मुलीचे एकमेव स्थान नाही, हे रमाबाईंनी कामाची वाटणी करूनच शिकविले.

आता वयाचा प्रश्न. समान वाटणी आणि न्याय्य वाटणी ह्या दोन गोष्टी आहेत. पाच वर्षांच्या आणि तेरा वर्षांच्या मुलाला सारखे काम देणे हा न्याय नव्हे. आमच्या घरी नाताळच्या फराळाच्या दिवशी ही वाटणी आपोआप होत आली आहे. धाकटी बेदाण्यांचे देठ काढते. मधला करंज्यांच्या कडा कातणाने कापतो. थोरली लाटते, आणि कढईपाशी मोठ्यांपैकीच कोणीतरी असते. त्या दिवशी 'मदत' हा शब्द कोणी उच्चारीत नाही; कोणाला काम सांगितले नाही, तर तेच रुसून बसते. शेजारच्या घरांत दसऱ्याला बाहुल्यांची आरास मांडतात, तेथेही मी हेच पाहिले आहे. एक मूल बाहुली पुसते, दुसरे ती हातात देते आणि मोठे मूल वरच्या पायरीवर ठेवते. सणाला मुलांना जे सहज उमगते, ते मंगळवारी सकाळी का उमगू नये?

आम्ही रोजच्या कामाची सुरुवात कचऱ्यापासून केली. २०१५ साली केंद्र शासनाने ४७६ शहरांची स्वच्छतेची क्रमवारी जाहीर केली, तीत म्हैसूर पहिले आले. २०१६ च्या सर्वेक्षणातही पहिला क्रमांक म्हैसूरचाच होता. ह्या शहराच्या कुंबारकोप्पल भागातील केंद्रात कचरा निवडून त्याचे खत आणि विक्रीयोग्य वस्तू वेगळ्या केल्या जातात. पण हे सारे स्वयंपाकघरातील दोन डब्यांपासून सुरू होते. ओले एका डब्यात, सुके दुसऱ्यात, हे पाच वर्षांचे मूल बिनचूक करू शकते. आमची धाकटी ह्या खात्याची मुख्य झाली आणि चुकीच्या डब्यात साल टाकल्याबद्दल मलाही तिने खडसावले. मी तिला सांगितले की आपण जे निवडत नाही, ते पुढे कोणातरी पौरकार्मिकाला आपल्या हातांनी निवडावे लागते. ते तिला पटले. घरात न केलेले काम नाहीसे होत नाही. ते दुसऱ्या कोणाच्या तरी, बहुधा आपल्याहून दुबळ्याच्या, अंगावर जाऊन पडते. ह्यापेक्षा मोठा नीतिपाठ मला तरी देता आला नसता.

मुलाला मात्र सवय लागण्यास वेळ लागला. भांडी विसळण्याची पाळी आली, की तो आधी नाही म्हणे, पाय आपटी आणि पाऊण तासाने निमूट मोरीपाशी जाई. मी चिडत असे. मग दोन पुत्रांचा दाखला आठवला. द्राक्षमळ्यात जाण्यास एकाने नकार दिला, पण मागून पस्तावून तो गेला. दुसरा हो म्हणाला आणि गेलाच नाही. प्रभूने पहिल्याच्या तोंडचा नकार मोजला नाही. आपण आईबाप मात्र तेवढाच मोजतो. वाढत्या वयाच्या मुलाला कुरकुरण्याइतकी जागा द्यावी आणि काम मात्र त्याच्यासाठी तसेच ठेवावे. ते आपण उरकून टाकू नये, आणि त्याने केलेले त्याच्यादेखत पुन्हा करू नये.

आणि सर्वांत अवघड भाग माझा होता. मी स्वतः मोरीपाशी उभा राहीपर्यंत मुलाला ते काम पुरुषाचे वाटणे शक्य नव्हते. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूने कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले. हे घरातले सर्वांत हलके, चाकराचे काम. त्यावर आपण दरवर्षी उपदेश ऐकतो. घरी येऊन जेवलेले ताट तसेच सोडून उठतो.

पुढे थोरलीची दहावीची परीक्षा आली. एके रात्री ती पुस्तकात गढली होती आणि पाळी तिची होती. थोड्या वेळाने मोरीतून भांड्यांचा आवाज आला. मुलगा कोणी न सांगता तिच्या वाट्याची भांडी विसळत होता. हात पुसून तो झोपायला गेला. कोणी त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही, आणि कोणी तो फिरवावा म्हणून तो थांबलाही नाही.